डच आरमार घेऊन पुणतांब्याला

पुणतांब्याला जाणारी माणसं गोदावरीत अंघोळ करतात, चांगदेवाच्या समाधीवर डोकं टेकतात आणि पुढे शिर्डीची गाडी धरतात. मी गेलो तो एक समुद्री लढाई परत करायला. लढाई डचांची आणि इंग्रजांची, साडेतीनशे वर्षांपूर्वीची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली. दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये ती बांधली होती, वर मेणकापड, त्यावर सुतळी. बांधाबांध चोख होती. आतलं काम चोख नव्हतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

मी पुण्यात जुने कागद दुरुस्त करतो. नकाशे, पोथ्या, सनदा, कधी एखादं चित्र. हा घरात बसून, मान खाली घालून करायचा धंदा आहे, आणि मला तो आवडतो त्याचं एक कारण हेही आहे की त्यात फारसं बोलावं लागत नाही. या प्रवासात मात्र एक वाक्य बोलायचं होतं. शिवाजीनगरच्या स्थानकावर एसटीत बसलो तेव्हापासून मी ते मनात जुळवत होतो. रांजणगावपर्यंत त्याचे चार-पाच नमुने तयार झाले आणि प्रत्येकात माझी चूक थोडी थोडी कमी होत गेली.

केडगाव

पुणे रस्त्याने येताना केडगाव लागलं की नगर आलंच. माझी ताई तिथे राहते. खरं म्हणजे संगमनेरवरून गेलो असतो तर त्याच दिवशी पुणतांब्याला पोचलो असतो. मी मुद्दाम मुक्कामाचा रस्ता धरला आणि घरी सांगितलं की ताईला भेटून फार दिवस झाले.

फळ्या काखेत धरून दारात उभा राहिलो तर दाजी म्हणाले, "काय मेव्हणे, कॅरम घेऊन फिरताय का?" दाजी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेत आणि आता त्यांना दिवसभर कोणीतरी बोलायला लागतं. ताईचा नवरात्राचा उपास होता, तरी तिने आमच्यासाठी शिपी आमटी केली होती. आमच्या घरी आमटीत गूळ पडतो, अगदी तिखट म्हटली तरी. नगरला आल्यावर ताईच्या हातून तो केव्हाच सुटला. वाटीत लाल तवंग, खाली चार डाळींचा दाट रस्सा, बरोबर बाजरीची भाकरी. मी जेवताना पुन्हा पुन्हा कोपऱ्यातल्या फळ्यांकडे पाहत होतो. तिथे कूलर होता, आणि कूलरला पाणी असतं.

जेवण झाल्यावर दाजींनी ते सोडायला लावलंच. पलंगावर चादर अंथरून चित्र उघडलं. दाजी बराच वेळ वाकून बघत राहिले आणि मग म्हणाले, हा धूर आहे का फ्लॉवरचे गड्डे?

त्यांचं काही चुकलं नव्हतं. या डच चित्रांत तोफांचा धूर तसाच असतो, घट्ट, गोल, एकावर एक रचलेला. जहाजांवरचे झेंडे खऱ्यापेक्षा कितीतरी मोठे, कारण ही चित्रं बातमी म्हणून विकली जायची आणि घेणाऱ्याला आधी कळायला हवं की आपले कोणते. जहाजांच्या डोक्यावर बारीक अक्षरं असतात आणि खाली त्या अक्षरांची नावं, शाळेत बेडकाच्या आकृतीला द्यायचो तशी. आणि एक गंमत दाजींना फार आवडली: एकच जहाज त्यात तीनदा असतं. पुढे ते लढतंय, जरा मागे त्याची डोलकाठी मोडलीय, आणि अगदी क्षितिजापाशी ते बुडतंय. सगळं एकाच आभाळाखाली, एकाच उन्हात.

"म्हणजे बिचाऱ्याला आपलं पुढचं दिसतंय की समोर," दाजी म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की एवढ्या मोठ्या जहाजांवर एकही चेहरा ओळखू येत नाही. माणसं म्हणजे नुसत्या रेघा. चेहरे असतात ते पुढच्या बाजूला, अगदी खाली, जिथे एखादी छोटी होडी बुडणाऱ्यांना वर ओढत असते. अशी होडी जवळजवळ प्रत्येक चित्रात असते. तरंगणारं पिंप, एखादी टोपी आणि ही होडी. लढाईशी तिचा काही संबंध नसतो आणि डोळा मात्र तिथेच जाऊन थांबतो.

दाजींनी चष्मा पुढे केला. डावीकडच्या कोपऱ्यात एक वल्हेकरी, होडीच्या काठावरून ओणवा झालेला दुसरा माणूस, पाण्यातून वर आलेला एक हात, आणि ओणव्या माणसाने तो हात धरलेला.

"हे काम झकास आहे बघा. बाकीचं जुनं दिसतं, हे कसं ताजं वाटतं."

मी चित्र बांधायला घेतलं. सुतळीची गाठ काही केल्या बसेना.

आता सांगतो. चित्राचे मालक पुणतांब्याचे. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीवर होडी होती, या काठावरून त्या काठाला माणसं न्यायची. कालव्याच्या कामावरचा कोणी साहेब त्यांच्या होडीतून ये-जा करायचा आणि बदली झाली तेव्हा त्याने हे जहाजांचं चित्र होडीवाल्याला देऊन टाकलं. पुढे पूल झाला, होडी बंद पडली, मोडून गेली. खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. हे आपल्या होडीबरोबर चित्रातल्या या छोट्या होडीलाही हळदकुंकू लावायचे, आणि खरी होडी गेल्यावर पूजेला तीच उरली. दरवर्षी एक बोट, जुन्यावरच नवं.

हे मला नंतर कळलं. पावसाळ्यात घर गळून चित्र भिजलं तेव्हा त्यांचा मुलगा, दत्तू, ते युरियाच्या पोत्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला आणि "सर, साफ करून द्या" एवढंच म्हणाला. मी कोपऱ्यात कुंकवाची जाड खपली पाहिली. पोथ्यांवर असली कुंकवं मी आयुष्यभर काढत आलोय. आमच्याही घरी दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुस्तकांना कुंकू लावतात, तरी मला वाटलं, डाग आहे. आमच्या कामात पहिला नियम असा की हात लावण्याआधी फोटो काढायचा, आणि दुसरा असा की डाग कशाचा ते मालकाला विचारायचं. त्या दिवशी मी दोन्ही केलं नाही. ओलीने आणि कसरीने खपलीखालचा कागद भुसभुशीत झाला होता. पात्याच्या टोकाने खपली उचलली आणि ती अख्खी आली, छापाच्या रेघांसकट. तिच्या पाठीला त्या रेघा असणारच होत्या. बघायला म्हणून चिमट्यात धरली आणि तिचा भुगा झाला.

मग मी ते केलं, जे करू नये असं मी इतरांना सांगतो. याच लढाईची दुसऱ्या कोणी केलेली नक्कल मला संगणकावर सापडली. नकला करणारे छापलेलं चित्र बघून सरळ पत्र्यावर कोरत, त्यामुळे छापताना सगळं आरशातल्यासारखं उलटं होई. उलट्याचं सुलटं करून मी त्यातली होडी बारीक कुंचल्याने इथे काढली. त्या नकलेत हात धरलेला होता, म्हणून मीही धरलेला काढला. पण नक्कल करणारे मनाचंही घालत. त्या नकलेत पिंपं जास्त होती आणि टोपी नव्हतीच.

दत्तूचा फोन आला. काम संपलं त्याच दिवशी. आई विचारतेय, होडी नीट आहे ना? मी म्हणालो, कुंकू निघालं, खालची होडी जशीच्या तशी आहे.

चांदबिबीच्या महालावर

दुपार उलटल्यावर दाजी मला स्कूटरवरून चांदबिबीच्या महालावर घेऊन गेले. तो महाल नाही, कबर आहे, आणि चांदबिबीचीही नाही, हे प्रत्येक नगरकर पाहुण्याला सांगतो आणि तरी महालच म्हणतो. वर वारा चांगला होता. खाली सगळं सपाट: शेतं, तळी, पत्र्याची छपरं, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकच्या खेळण्यांएवढ्या रांगा.

तिथे उभं राहिल्यावर मला डच कोरणाऱ्यांची एक खोड नव्याने कळली. त्यांच्या लढाया कायम अशा उंचीवरून दिसतात. समुद्रात डोंगर नसतो, बघणारा उभा राहील अशी जागाच नसते. फार तर डोलकाठीवर चढता येईल, पण तिथे चढलेला माणूस लढाईत असतो, त्याला एवढं नीट, ओळीने काही दिसत नाही. तरी यांनी हवेत एक डोंगर उभा केला आणि गिऱ्हाइकाला त्यावर नेऊन बसवलं. तिथे धूर डोळ्यांत जात नाही, पाणी अंगावर उडत नाही, आणि कोण बुडतोय ते कळतं पण ओरडणं ऐकू येत नाही. मला वाटलं, मी टेबलावर भिंग घेऊन बसतो तो याच डोंगरावर.

तेवढ्यात लष्कराच्या सरावाच्या मैदानाकडून एक दणका आला. नगरच्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. मी कठडा धरला.

"मेव्हणे, उद्या तिथे आहे तरी काय? सकाळपासून तुमचं लक्ष नाही," दाजी म्हणाले.

सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. मी म्हणालो, पाठ धरलीय, एसटीच्या सीटमुळे. दाजींनी मग उतरेपर्यंत एसटीच्या सीटा कशा बनतात आणि कोणत्या गाडीत कुठे बसावं ते सांगितलं. उतरताना दत्तूचा फोन आला. तो म्हणाला, "सर, आई म्हन्ती, तुमी आल्याबिगर पूजा न्हाई. पाट मांडून ठेवनार हाय." मी बरं म्हणालो.

झेंडूची गाडी

दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरची गाडी धरली. दसरा उद्यावर, त्यामुळे गाडीत माणसांपेक्षा झेंडूची पोती जास्त. वरच्या फळीवर, सीटांखाली, ड्रायव्हरच्या मागे, सगळीकडे पिवळा-केशरी वास. मी फळ्या पायांमध्ये उभ्या धरून बसलो. राहुरीला डुलकी लागली असावी, कारण जागा झालो तो मांडीवर थंडगार काहीतरी ठिबकत होतं. फुलं ताजी राहावीत म्हणून कोणीतरी पोतं भिजवलं होतं, आणि ते माझ्या फळ्यांवर टेकवून मालकीणबाई निवांत बसल्या होत्या.

मी उडालोच. बाईंनी विचारलं, काय काच हाय का आत? मी म्हणालो, कागद आहे. कागदाला एवढं जपताय, त्या म्हणाल्या, मग जिमिनीचाच आसंल. आजूबाजूचे हसले आणि एकाने मला केस कोणत्या कोर्टात आहे ते विचारलं. चित्र आहे, जहाजांचं, एवढं सांगितल्यावर त्यांचा रस संपला. मी उपरण्याने मेणकापड पुसत राहिलो. पाणी आत गेलं असेल तर? माझे रंग पाण्याचे होते. आमच्यात भर घालायची ती पाण्याच्या रंगानेच, म्हणजे पुढे कोणाला वाटलं तर ती पुसून टाकता येते. त्या क्षणी मला अगदी स्पष्ट दिसलं की मनातून मी वाट बघतोय की पाणी आत गेलेलं असावं. होडी पोत्याने बिघडली असती. मला काही बोलावं लागलं नसतं.

श्रीरामपूरच्या स्थानकावर बाकावर बसून एका बाजूने सोडून पाहिलं. आत थेंबही गेला नव्हता.

पुढचा रस्ता वडापच्या जीपने. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मधून पेरूच्या बागा. पेरू अजून कच्चे होते, तरी एका वळणावर पाटीत मांडलेले दिसले. उतरून घ्यायचं सुचलं नाही. वाक्य पुन्हा पहिल्यापासून जुळवत होतो.

पुणतांबा

दत्तूचं घर नदीकडच्या अंगाला आहे, स्लॅबचं, दारात दुधाचा टेम्पो. टेम्पोला झेंडूची माळ आणि चारही चाकांना कुंकू लागलं होतं. पंचेचाळिशीचा दत्तू पुढे येऊन फळ्या घ्यायला लागला, तर मी त्या सोडेचना. तो हसला. म्हणाला, सर, घरचंच हाय आता.

आत पाट मांडला होता. त्यावर कोयता, पान्हे, पंपाची कसलीशी साखळी, आणि मागे भिंतीला टेकवलेलं एक लांब वल्हं, हातात धरायच्या जागी काचेसारखं गुळगुळीत झालेलं. मधली जागा मोकळी ठेवली होती. शेजारी भागूबाई बसल्या होत्या, दत्तूची आई. पंचाहत्तरीच्या असाव्यात. कपाळ मोकळं, हिरवं गोंदण, डोळे चांगले तेज.

"या भाऊ. लई वाट पाह्यली तुमची."

मी म्हणालो, मावशी, आधी मला जरा बोलायचंय. त्या म्हणाल्या, आदी बघू तरी द्या. दत्तूने तोवर सुतळी कापली होती.

चित्र मोकळ्या जागेत उभं केलं. त्या पुढे सरकल्या, हात पाठीमागे धरले, लहान मुलं आवरून धरतात तसे, आणि तोंड अगदी कोपऱ्याजवळ नेलं. जहाजांकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग मागे होऊन दत्तूला म्हणाल्या, "धरलाय रे."

दत्तू मला समजावून सांगायला लागला की यावरून आमच्या घरात फार भांडणं झाली. भागूबाईंनी त्याला थांबवलं आणि स्वतःच सांगितलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा कुंकवाची नुसती टिकली असायची, ती पण होडीच्या नाकाडावर. तेव्हा त्यांनी चित्र जवळून पाहिलं होतं, आणि त्यांना आठवत होतं की होडीतल्या माणसाने हात पुढे केलाय पण पाण्यातल्याचा हात त्याला लागलेला नाही. बोटभर राहिलंय. नवरा म्हणायचा, छे, धरलाय, तुला दिसत नाही. नव्या नवरीची आणि नवऱ्याची थट्टा, एवढंच होतं ते. मग एका पुरात होडी कलंडली. नवऱ्याने बाकीच्यांना काढलं, पण पलीकडच्या गावची एक बाई त्याच्या हातातून निसटून गेली.

"त्यावर तो एक सबुद बोलला न्हाई," भागूबाई म्हणाल्या. "पर त्या सालापास्नं कुकू नाकाडाला लावायचं सोडलं. बरोबर त्या दोन हातांवर लावायचा. जाड. मी म्हनायची, आवो दिसू तर द्या. तर म्हनायचा, दिसायचं काय त्यात, धरलाच हाय. मी म्हनायची, न्हाई धरला. मरस्तवर ह्येच."

त्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. आवाज खाली आला.

"गेला त्याला दोन पावसाळे झाले. आन् आता बघती तर त्योच खरा निघाला. जलमभर मी त्याला खोटं पाडलं, भाऊ. नको तेवढं बोलले."

पदर डोळ्यांकडे गेला. दत्तू खाली बघत होता. पुण्यापासून जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना. जे तोंडातून आलं ते असं होतं:

"मावशी, तो हात मी काढलाय."

त्यांना कळलं नाही. काढलाय म्हणजे साफ केलाय, असं वाटलं असावं. मी पुन्हा सांगितलं. कुंकू काढताना खालची होडी त्याच्याबरोबर निघाली. मी आधी विचारलं नाही, फोटो घेतला नाही. हातात भुगा झाला. ही सगळी होडी माझ्या कुंचल्याची आहे, दुसऱ्या एका चित्रावरून घेतलेली, आणि त्या चित्राचा भरवसा देता येत नाही. खाली काय होतं, धरला होता की नव्हता, ते मला माहीत नाही. आता कोणालाच कळणार नाही.

"फोनवर तर म्हनला हुता जशीच्या तशी हाय," दत्तू म्हणाला. तो ओरडला नाही. पण सर म्हणणं त्याने त्या वाक्यापासून सोडलं.

मी म्हणालो, खोटं बोललो.

बाहेर कोणीतरी ट्रॅक्टर धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत राहिला. भागूबाईंनी पदर सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून मी वाट पाहत होतो. दिसला तो हिशेब लावणाऱ्या माणसाचा चेहरा.

"म्हंजी त्यो खरा न्हाई."

"तसंही नाही म्हणता येत, मावशी. असेलही."

"आन् मी खोटी न्हाई."

"तेही सांगता येत नाही."

त्यांनी वल्ह्याकडे पाहिलं. मग विचारलं, "तुमी काढलंय ते खोडता यील?"

येईल म्हणालो, पाण्याने निघेल. पण तिथे कोरं राहील.

"ऱ्हाऊ द्या कोरं. माझ्या घरात दुसऱ्याचा हात नको."

दत्तूने वाटीत पाणी आणून ठेवलं. माझ्या पिशवीत कापूस आणि पातं होतंच. चित्र आडवं करून मी जमिनीवर मांडी घातली. भागूबाई अगदी शेजारी बसून बघत होत्या, त्यांचा श्वास मला मनगटावर जाणवत होता. वल्हेकरी राहू द्या म्हणाल्या. होडी राहू द्या म्हणाल्या, होडी लागंल. ओणवा माणूसही राहिला. गेले ते फक्त दोन हात. करडा रंग कापसावर आला आणि मध्ये पांढरा कागद उरला, एका बाजूला कोपरापर्यंतचा दंड, दुसऱ्या बाजूला पाणी. आजूबाजूला तोफा, धूर, झेंडे, सगळं आपल्या जागी. ज्याने हे कोरलं त्यानेसुद्धा एवढी मोठी लढाई मांडून अखेर इथेच, या टीचभर जागेत, श्वास रोखला असणार.

या वेळी मी फोटो काढू का म्हणून विचारलं. कुंकू लावण्याआधी, आहे तसा. त्या म्हणाल्या, काढा. मग म्हणाल्या, तुमचं हत्यार ठिवा हितं. मला वाटलं बाजूला ठेवायला सांगताहेत. त्यांनी माझ्या हातातून पातं घेतलं, पदराने पुसलं आणि पाटावर पान्ह्यांच्या रांगेत ठेवलं. सगळ्यांना हळदकुंकू लावत आल्या: वल्ह्याला, कोयत्याला, पान्ह्यांना, पात्यालाही, तेवढंच, कमी नाही जास्त नाही. शेवटी कागद सुकलाय का ते मला विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी करंगळी बुडवली आणि त्या कोऱ्या जागेवर बारीक टिकली लावली.

मी उठून निघायला लागलो. जेवून जा म्हणाल्या, सनाचं कुनी उपाशी जात न्हाई. वाढलेल्या दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. पुरण गुळाचं होतं, आमच्याकडे करतात त्याहून गडद. दत्तू समोर बसून जेवला आणि माझ्या ताटाकडे बघून त्याने एकदाच तूप पुढे केलं.

निघताना मी भागूबाईंना म्हणालो की मला माफ करा म्हणण्याचं तोंड नाही, पण तुम्हाला जे कळायचं होतं ते माझ्यामुळे गेलं. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग वल्ह्याकडे.

"गेलं ते गेलं," त्या म्हणाल्या. "मगाशी त्यो खरा निघाला तवा मला कसं झालं, सांगू? वाटलं, संपलं आता. सांजच्याला दिवा लावताना मी त्याच्यासंगं ह्येच तर भांडती रोज. मिटलं आसतं तर काय बोलले आसते?"

संगमनेरकडे

दत्तूने मला टेम्पोतून संगमनेरच्या गाडीपर्यंत सोडलं. पुलाजवळून नदी दिसली, पावसाळ्याचं पाणी अजून गढूळ, आणि एवढ्या रुंद पात्रात एकही होडी नाही. उतरताना त्याने सीटमागून कागदी पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत पेरू होते, कच्चे, हिरवेगार.

"आईनं दिल्यात," तो म्हणाला. "मी न्हाई."

मी मान हलवली. गाडी सुरू झाली तरी तो टेम्पोला टेकून उभा होता, हात वर न करता.

संगमनेरला दिवेलागणीच्या सुमाराला गाडी थांबली. चहा घेतला, तिथलं दूध दाट असतं म्हणतात, होतंही. खिशात रुमाल शोधताना कापसाचा बोळा हाताला लागला, करड्या रंगाचा, अजून दमट. माझे दोन हात त्यात होते. स्टँडवरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकायला गेलो आणि तसाच परत खिशात ठेवला. मग ताईच्या घरी फोन लावला. दाजींनी उचलला. पाठ कशी आहे विचारलं.

मी म्हणालो, "दाजी, पाठीला काही झालं नव्हतं. गाडी सुटेपर्यंत वेळ आहे, सांगू का?"